एकाच आयपीव्ही४ पत्त्यावर संस्थेचा कारभार : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमची संस्था पूर्णपणे स्वयंसेवकांच्या बळावर चालते आणि संकेतस्थळ, सदस्यनोंदणी, कागदपत्रांचा साठा व ईमेल हे सारे भाड्याच्या सर्व्हरवर आम्हीच सांभाळतो. प्रत्येक सेवेसाठी स्वतंत्र आयपीव्ही४ पत्ता (इंटरनेटवर यंत्र ओळखणारा जुन्या पद्धतीचा क्रमांक) घेणे परवडेनासे झाले, तेव्हा असा एकच पत्ता ठेवून बाकी सर्व सेवा आम्ही आयपीव्ही६वर, म्हणजे भरपूर पत्ते असलेल्या नव्या पद्धतीवर, नेल्या.

आयपीव्ही४मध्ये जेमतेम ४३० कोटी पत्ते मावतात. त्यांचा केंद्रीय साठा फेब्रुवारी २०११मध्येच वाटून संपला आणि उरलेल्यांचा बाजार झाला. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडसेवेत १ फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी अर्धा सेंट, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ डॉलर पडतात. मोठ्या कंपनीला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण देणगीदार एखाद्या उपक्रमासाठी आनंदाने पैसे देतात, पत्त्यांच्या भाड्यासाठी क्वचितच देतात, आणि म्हणून असा खर्च थेट मूळ कामाच्या पैशांतून जातो.

संकेतस्थळांच्या बाबतीत हा बदल अतिशय समाधानकारक ठरला. त्या एका पत्त्यावर बसवलेला रिव्हर्स प्रॉक्सी मागितलेले डोमेन पाहून विनंती योग्य सर्व्हरकडे पाठवतो, आणि संकेतस्थळाची जोडणी सुरक्षित करणारी लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची प्रमाणपत्रे विनामूल्य असून आपोआप नूतनीकृत होतात. भेट देणाऱ्यांना काहीही जाणवले नाही.

ईमेलने मात्र बराच वेळ खाल्ला. आयपीव्ही६वरून पाठवलेली पत्रे जीमेलकडून परत येऊ लागली, कारण त्या पत्त्याची उलट डीएनएस नोंदच (पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी नोंद) नव्हती, आणि आमच्या सेवादात्याच्या नियंत्रणफलकात ती भरण्याची सोय नव्हती. शेवटी ईमेल आयपीव्ही४वरच ठेवावे लागले. ज्या स्वयंसेवकांच्या घरच्या जोडणीला आयपीव्ही६ मिळत नाही, त्यांना देखभालीसाठी आधी त्या एका पत्त्यावरच्या यंत्रात शिरून पुढे जावे लागते. शिवाय नको असलेल्या जोडण्या अडवणाऱ्या फायरवॉलचे नियम दोन्ही प्रकारच्या पत्त्यांसाठी लिहावे लागतात. एक बाजू राहून गेली तर सर्व्हर तिथून उघडा पडतो.

हा सगळा वेळ कोणत्याही बिलात दिसत नाही, पण तो स्वयंसेवकांच्या संध्याकाळींतून जातो, त्यामुळे खर्चाचा विचार करताना मी तोही धरतो. तरीही ज्या संस्थेचे बहुतेक काम संकेतस्थळांवर चालते, तिने हा मार्ग जरूर घ्यावा. स्वतःचे ईमेलही चालवायचे असेल, तर आयपीव्ही६ची उलट डीएनएस नोंद स्वतः बदलता येते का, हे सेवादात्याला पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.