अभय पाटील, लक्ष्मी हेब्बाळकर आणि समिती: मत ठरवण्याआधी आकडे शेजारी-शेजारी

विधानसभेची पुढची निवडणूक 2028 मध्ये. पण बेळगावात हा विषय निवडणुकीसाठी थांबत नाही. गणपती मंडळाची बैठक असो की बाराव्याचं जेवण, कुणीतरी विचारतंच: मत समितीला द्यायचं की निवडून येणाऱ्याला? (समिती म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती, बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून लढणारी.) घरात आजोबांचं उत्तर ठरलेलं असतं आणि वडिलांचं डळमळीत. मधल्यामध्ये पहिल्या-दुसऱ्या मतदानाला आलेल्या पोरांची पंचाईत होते. हा आढावा मुख्यतः त्यांच्यासाठी.

तुलनेला दोन विद्यमान आमदार घेतले आहेत. बेळगाव दक्षिणचे अभय पाटील, भाजप. बेळगाव ग्रामीणच्या लक्ष्मी हेब्बाळकर, काँग्रेस, आणि मे 2023 पासून राज्याच्या महिला व बालकल्याण मंत्री. दोन्ही मतदारसंघांत मराठी मतं निकाल फिरवू शकतात. दोघंही मराठीतून सभा घेतात, आणि दोघांच्याही नावावर पराभव आहे आणि त्यानंतरचा विजयही. एका मतदाराला या दोघांतून निवड करायची वेळ येणार नाही, हे उघड आहे. पण राष्ट्रीय पक्षाचा आमदार म्हणजे काय आणि समितीचा म्हणजे काय, हे ठरवायला ही दोन उदाहरणं सगळ्यात उपयोगी पडतात.

आधी थोडी जमीन समजून घ्या. आज ज्याला आपण दक्षिण, उत्तर, ग्रामीण म्हणतो, ते 2008 च्या पुनर्रचनेत तयार झालं. त्याआधी उचगाव आणि बागेवाडी असे मतदारसंघ होते, ते गेले. त्यामुळे 'आमच्याकडे पन्नास वर्षं समितीच' किंवा 'इथे भाजप पहिल्यापासून' अशी वाक्यं कानावर आली की विचारायचं, कुठल्या नकाशावर?

अभय पाटलांची सुरुवात त्या जुन्या बागेवाडीतली. 2004 ला ते तिथून निवडून आले. पुनर्रचनेनंतर दक्षिणेत आले आणि 2008 ला पुन्हा जिंकले. 2013 ला समितीच्या संभाजी पाटलांनी त्यांना सहा हजारांच्या फरकानं पाडलं. संभाजी पाटील शहराचे माजी महापौर, गल्लीबोळातला माणूस. त्या साली राज्यातच भाजपची दाणादाण उडाली होती. येडियुरप्पा वेगळा पक्ष काढून बसले होते आणि भाजप 40 जागांवर आला होता. दक्षिणच्या निकालाचं सगळं श्रेय समितीच्या एकीला देणारे हा भाग सोयीस्कर विसरतात. आणि सगळं श्रेय भाजपच्या फुटीला देणारे विसरतात की त्याच वर्षी खानापूरलाही समितीचे अरविंद पाटील निवडून आले आणि ग्रामीणमध्ये मनोहर किणेकर दीड हजाराच्या आत हुकले. लाट भाजपच्या विरोधात होती हे खरंच, पण तिच्यावर स्वार व्हायला समितीकडे तेव्हा माणसं होती.

2018 ला अभय पाटील परतले ते 84 हजारांवर मतं घेऊन. आघाडी 58 हजारांच्या पुढे. दुसऱ्या क्रमांकावर काँग्रेस, आणि समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार मागे. 2023 ला मात्र समितीनं एकच नाव दिलं, रमाकांत कोंडुसकर. निकाल लागला तेव्हा अभय पाटील 77,094, कोंडुसकर 64,786. आघाडी 12,308.

हे दोन निकाल नीट शेजारी ठेवून बघा. पाच वर्षांत आमदारांची स्वतःची मतं साडेसात हजारांच्या आतच कमी झाली, पण आघाडी 46 हजारांनी आटली. म्हणजे त्यांचा मतदार फारसा हलला नाही, समोरचा एकवटला. यातून दोन गोष्टी कळतात. एक, अभय पाटलांचा पाया भक्कम आहे आणि तो लाटेवर अवलंबून नाही. 2023 ला भाजप राज्यात 66 वर घसरला होता, तरी ते उभे राहिले. दुसरी, 2018 ची ती प्रचंड आघाडी त्यांच्या लोकप्रियतेचं माप नव्हती. आमदाराचं वजन त्याच्या आघाडीवरून करायचं असेल तर आधी समोर किती तुकडे होते ते बघावं. माझा सगळा भर याच एका मुद्द्यावर आहे.

हाच नियम हेब्बाळकरांना लावला तर चित्र वेगळं दिसतं.

त्या 2013 ला ग्रामीणमधून पहिल्यांदा उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या आल्या. जिंकले भाजपचे संजय पाटील, तेही 38 हजारांवर. तिरंगी लढतीत इतक्यात जागा निघून जायची. पुढच्याच वर्षी लोकसभेला त्यांनी भाजपच्या सुरेश अंगडींविरुद्ध अर्ज भरला आणि पाऊण लाखानं हरल्या. लागोपाठ दोन पराभव झाले की आपल्याकडे माणसाला लग्नपत्रिकेतही जागा मिळत नाही. त्यांनी मात्र मतदारसंघ सोडला नाही. 2018 ला त्याच संजय पाटलांविरुद्ध त्यांनी 1,02,040 मतं घेतली. आघाडी 51,724. 2023 ला भाजपनं उमेदवार बदलून नागेश मन्नोळकरांना दिलं, समितीनं आर. एम. चौगुलेंना. हेब्बाळकर 1,07,619, मन्नोळकर 51,603, चौगुले 41 हजारांच्या आसपास.

आता बेरीज करा. भाजप आणि समितीची मतं एकत्र केली तरी ती हेब्बाळकरांच्या खालीच राहतात. 2018 लाही तसंच होतं. म्हणजे इथली आघाडी समोरच्या फाटाफुटीची नाही, ती त्यांची स्वतःची आहे. उचगाव-हिंडलग्याकडची मराठी गावं आणि सुळेभावीकडची कन्नड गावं या दोन्हींतून मतं आल्याशिवाय लाख ओलांडता येत नाही. नुसत्या निवडणुकीच्या हिशोबानं बोलायचं तर ही नोंद अभय पाटलांपेक्षा वरचढ. चार विजय विरुद्ध दोन विजय ही मोजदाद इथे फसवी आहे.

पण ही वजनदार आघाडी उसनी देता येत नाही, हेही त्याच वहीत लिहिलेलं आहे. डिसेंबर 2021 ला त्यांचे भाऊ चन्नराज हट्टीहोळी स्थानिक संस्थांच्या मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले. त्यावर उडी मारून 2024 ला चिरंजीव मृणाल यांना लोकसभेला उभं केलं, तर बाहेरून आलेल्या भाजपच्या जगदीश शेट्टरांनी त्यांना पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी हरवलं. तेव्हा त्या मंत्री होत्या, आणि बायकांसाठीच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2,000 रुपये घराघरात जात होते. ज्यांना वाटतं की पैसे खात्यावर आले की मत आपोआप येतं, त्यांनी हा निकाल भिंतीवर लावावा.

अभय पाटलांची परीक्षा दुसऱ्या ठिकाणी बघावी लागते, महापालिकेत. सप्टेंबर 2021 च्या निवडणुकीत भाजपनं 58 पैकी 35 प्रभाग घेतले. ज्या पालिकेवर वर्षानुवर्षं मराठी गटाचा महापौर बसायचा, तिथे पहिल्यांदा पक्षाच्या चिन्हावर बहुमत आलं. त्यात दक्षिणच्या आमदारांचा हात मोठा होता हे त्यांचे विरोधकही मान्य करतात. वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकर गल्ल्यांपर्यंत बूथवर माणूस बसवणं हे त्यांचं खरं बळ. मात्र चार वेळा निवडून येऊनही मंत्रिपद त्यांच्याकडे आलेलं नाही, भाजपचं सरकार असतानाही. ज्याला राज्याच्या तिजोरीतून काम हवं आहे त्यानं हे लक्षात घ्यावं. ज्याला गटारीचं, नळाचं, पालिकेतल्या अडलेल्या कागदाचं काम आहे त्याला याने फारसा फरक पडत नाही.

कामाच्या श्रेयाबद्दल एक इशारा. रेल्वे गेटवरचे ओव्हरब्रिज, हलगा-मच्छे बायपास ही केंद्राची खाती. गृहलक्ष्मी राज्यभर आहे, फक्त ग्रामीणला नाही. आमदाराच्या स्वतःच्या हातात वर्षाला साधारण 2 कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, बाकी सगळं पाठपुराव्याचं. प्रचारपत्रकावर फोटो कुणाचा आहे त्यापेक्षा खातं कुणाचं होतं ते बघा. बायपासबद्दल तर उलटं विचारायला हवं: ज्या शेतकऱ्याची पिकाऊ जमीन त्यात जाते, तो दारात आला तेव्हा आमदार कुठे होता? हे वर्तमानपत्रात मिळणार नाही, त्या शिवारात जाऊन विचारावं लागेल.

श्रेयाची चढाओढ किती टोकाला जाते हे बघायचं तर राजहंसगड. 2023 च्या मार्चमध्ये, निवडणूक दोन महिन्यांवर असताना, गडावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण दोनदा झालं. 2 मार्चला भाजपचे मुख्यमंत्री बोम्मई येऊन करून गेले. 5 मार्चला हेब्बाळकरांनी काँग्रेस नेत्यांना बोलावून पुन्हा केलं. त्यानंतर समितीनं गडावर जाऊन शुद्धीकरण केलं आणि दुग्धाभिषेक घातला. एकच पुतळा आणि तीन कार्यक्रम. मराठी मताला अजून भाव आहे याची याहून चांगली पावती मिळणार नाही. तो भाव पुतळ्यापर्यंतच का थांबतो, हा प्रश्न मात्र तिघांनाही विचारायला हवा.

कारण भाषेच्या आणि सीमेच्या मुद्द्यावर हे दोन्ही आमदार एकाच बाजूला आहेत. 22 डिसेंबर 2022 ला सुवर्ण विधानसौधमध्ये (बेळगावातली विधिमंडळाची इमारत) कर्नाटकाची एक इंचही जमीन देणार नाही असा ठराव एकमतानं झाला. पाच दिवसांनी महाराष्ट्रानं आपला केला. सरकार भाजपचं होतं तेव्हा कन्नड सक्तीचं विधेयक आलं, काँग्रेसचं आलं तेव्हा फलकांवर 60 टक्के कन्नडचा कायदा झाला. त्यामुळे सातबारापासून बसच्या पाटीपर्यंत मराठी कागद मिळावा हे ज्याचं पहिलं मागणं आहे, त्यानं दक्षिण-ग्रामीणच्या आमदारांत डावं-उजवं करू नये. तिथे दोघं सारखेच. महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा 2004 पासून आहे आणि त्याचा निकाल बेळगावच्या आमदारावर अवलंबून नाही, हेही तितकंच खरं.

मग समिती? तिची वही उघडली की राग आणि आशा दोन्ही येतात. 2008 ला शून्य, 2013 ला दोन, 2018 ला शून्य, 2023 ला शून्य. 2018 चं खानापूर तर मराठी माणसानं पाठ करावं असं आहे. काँग्रेसच्या अंजली निंबाळकर 36 हजार सहाशेच्या आसपास मतांवर जिंकल्या. समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार, विद्यमान आमदार अरविंद पाटील 26 हजारांवर आणि विलास बेळगावकर 17 हजारांवर. दोघांची बेरीज विजयी आकड्याच्या सात-आठ हजार वर. हातातली जागा अशी घालवली. पुढे अरविंद पाटील भाजपमध्ये गेले. आणि 2018 ला हरलेले भाजपचे विठ्ठल हलगेकर 2023 ला 54 हजारांच्या आघाडीनं आले. चार निवडणुकांत चार वेगळे आमदार, असा तालुका जिल्ह्यात विरळा. खानापूरकर कुणालाच दुसरी संधी देत नाहीत, याचं मला कौतुकही वाटतं.

दुसरं समितीचं दुखणं म्हणजे तिची मतं टिकत नाहीत. एप्रिल 2021 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत शुभम शेळके या तरुण उमेदवारानं 1,17,000 मतं घेतली. भाजप तेव्हा जेमतेम पाच हजारांनी वाचला. त्याच वर्षी सप्टेंबरात महापालिका हातून गेली. 2024 च्या लोकसभेला समितीची मतं दहा हजारांच्या घरात आली. मतदार तोच आहे, तो दर वेळी उमेदवार आणि एकी बघून ठरवतो. त्याला गद्दार म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

तर ठरवायचं कसं? दक्षिणेत राहत असाल तर समितीचं मत वाया जातं हे विधान 2023 नं खोडून काढलं आहे. एकच उमेदवार असेल तर लढत खरी आहे. दोन असतील तर ती नाही, आणि तेव्हा काम करणारा आमदार म्हणून अभय पाटलांना निवडण्यात कमीपणा नाही. ग्रामीणमध्ये गणित कठीण. तिथे समितीला जिंकायचं तर नुसती भाजपची मतं खेचून भागत नाही, शिवाय हेब्बाळकरांच्या लाखातून वीस-पंचवीस हजार काढावी लागतील, आणि ती मतं बहुतेक बायकांची आहेत असं माझं मत आहे. समितीच्या मंचावर बायका किती दिसतात ते पुढच्या मेळाव्यात मोजा. तत्त्वासाठी मत द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण निकालाची अपेक्षा न ठेवता.

आणि स्वतःच्या गावचं बघायचं असेल तर निवडणूक आयोगाचा फॉर्म 20 काढा. कर्नाटकच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. प्रत्येक बूथची एक ओळ, प्रत्येक उमेदवाराचा एक रकाना, शेवटी नोटा. आपल्या शाळेतल्या खोलीत कुणाला किती पडली ते तिथे दिसतं. 2018 आणि 2023 च्या त्याच ओळी एकाखाली एक ठेवल्या की चावडीवरचे निम्मे दावे गळून पडतात. सोबत उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचा. दोन निवडणुकांमधली मालमत्ता आणि खटले त्यात त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहिलेले असतात.

जिल्हा आणि तालुका पंचायतीची मुदत 2021 मध्येच संपली आणि निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या. त्या होतील तेव्हा उचगाव, हिंडलगा, येळ्ळूर भागात समितीचे किती उमेदवार एकमेकांसमोर उभे आहेत तेवढं बघून ठेवा. 2028 चा अंदाज बांधायला ते पुरेल.