पालांका पुरस्कार: फिलिपिनो लेखकासाठी कितपत उपयोगी?

आपल्याकडे साहित्य अकादमीचा पुरस्कार छापून आलेल्या पुस्तकाला मिळतो. फिलिपिन्सच्या पालांका पुरस्कारांना अप्रकाशित संहिताही चालते, आणि प्रकाशक नसलेल्या नवख्या लेखकासाठी हाच या स्पर्धेचा सर्वांत मोठा गुण. मद्यनिर्मितीतले उद्योजक डॉन कार्लोस पालांका यांच्या स्मरणार्थ ती 1950 मध्ये सुरू झाली. तेव्हा इंग्रजी आणि फिलिपिनो या दोन भाषांतली कथा एवढेच विभाग होते. नाटक, कविता, निबंध, बालकथा, कादंबरी हे सगळं मागाहून आलं.

फिलिपिनो नागरिक आणि पूर्वी नागरिक असलेले लेखक भाग घेऊ शकतात. एका विभागात एकच प्रवेशिका. संहितेवर लेखकाचं नाव किंवा कसलीही खूण चालत नाही. ते फक्त अर्जावर. इथेच बरेच जण घसरतात. मुखपृष्ठावरचं नाव काढतात, पण पानाच्या शिरोभागातलं तसंच राहतं, अर्पणपत्रिकेत घरच्यांची नावं असतात, किंवा फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव असतं. पीडीएफ केल्यावर ती दुसऱ्या कुणाकडून तरी उघडून तपासून घ्यावी. मजकूर दोन ओळींच्या अंतराने, चारही बाजूंना एक इंच समास सोडून.

अर्जावर नोटरीचा शिक्का लागतो. ते काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये, परदेशात राहणाऱ्यांनी तर मुळीच नाही. दुसऱ्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेली संहिता बाद होते, म्हणून तीच कथा दोन ठिकाणी पाठवणं धोक्याचं.

कवितेच्या विभागात एकटी कविता चालत नाही. 10 ते 15 कवितांचा संच लागतो. आकडा गाठायला घातलेल्या दोन-तीन कमकुवत कविता सगळा संच खाली ओढतात. नेमक्या दहाच, पण एका सूत्रात बांधलेल्या पाठवणं केव्हाही शहाणपणाचं.

परीक्षणाबद्दल आम्हाला आदर वाटतो. योग्य संहिता नसेल तर पहिलं बक्षीस राखून ठेवलं जातं, आणि असं खरोखर घडलेलं आहे. पाच पहिली बक्षिसं मिळवणाऱ्याला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 1998 पासून ‘कबाताअन’ हा निबंध विभाग आहे. विषय ठरवून दिलेला असतो, त्यामुळे शाळेत लिहिलेला जुना निबंध उपयोगी पडत नाही.

उणिवा तीन, आणि तिन्ही जाणवणाऱ्या. हरलेल्या लेखकाला अभिप्राय मिळत नाही. कथा कुठे फसली हे कळायला त्याला दुसरा जाणता वाचक शोधावा लागतो. जिंकलेल्यालाही पुस्तक काढायची धडपड स्वतःच करावी लागते. मिगेल सिहुको यांच्या ‘इलुस्त्रादो’ या कादंबरीला 2008 मध्ये पालांका आणि आशियाई साहित्यासाठीचा मॅन एशियन हे दोन्ही सन्मान मिळाले आणि ती जगभर पोहोचली, पण तो अपवाद.

तिसरी उणीव आम्हाला जास्त खटकते. दीडशेहून अधिक भाषांच्या या देशात प्रादेशिक विभाग 1997 मध्ये आला तो सेबुआनो, हिलिगायनोन आणि इलोकानो या तीनच भाषांसाठी, आणि त्यांतही फक्त कथेसाठी. इलोकानोत उत्तम कविता लिहिणाऱ्याला इथे उतरायचं तर इंग्रजीत किंवा फिलिपिनोतच लिहावं लागतं.