एचआर परिषदेतल्या स्टॉलवर केलेली सही

चाकणला आमचा गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. कायम आणि कंत्राटी धरून ६४० माणसं, तीन पाळ्या. एचआर मी बघते. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये पवईच्या एका हॉटेलात भरलेल्या एचआर परिषदेला गेले आणि तिथे एचआर आणि पगाराचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीच्या स्टॉलवर केलेल्या सहीमुळे आमच्या कंपनीचे ११ लाखांहून जास्त रुपये गेले. वाद लवादाकडे चाललाय, म्हणून त्या कंपनीचं नाव लिहीत नाही. पण अशा परिषदांना जाणारे माझ्यासारखे शेकडो जण आहेत आणि त्यांच्यापर्यंत हे पोचायलाच हवं.

सुरुवात स्टॉलवर नाही, मंचावर झाली. त्या कंपनीच्या संस्थापकाचं वीस मिनिटांचं भाषण होतं. कोण नोकरी सोडणार हे आमचं एआय सहा महिने आधी सांगतं, असा दावा. त्यानंतर त्यांच्या एका ग्राहकाने उठून कौतुक केलं, संध्याकाळी त्या कंपनीला टॅलेंट मॅनेजमेंटचा पुरस्कारही मिळाला. मला वाटलं, आयोजकांनी पारखूनच बोलावलं असेल. या वर्षी त्याच आयोजकांचं प्रायोजकत्वाचं माहितीपत्रक आमच्या कंपनीला आलं, तेव्हा कळलं. स्टॉल, मंचावरची वीस मिनिटं, पॅनेलमधली खुर्ची, पुरस्काराची प्रवेश फी, प्रत्येकाचा दर छापलेला होता. मंच विकत मिळतो हे मला बारा वर्षं या क्षेत्रात राहूनही माहीत नव्हतं.

स्टॉलवर त्यांनी टॅबवर डेमो दाखवला. कामगिरी आणि क्षमतेनुसार माणसांची विभागणी करणारे नऊ चौकोन, त्यात हिरवे, पिवळे, लाल ठिपके. लाल ठिपक्यावर बोट ठेवलं की माणसाचं नाव आणि तो का सोडणार त्याची कारणं. सगळी नावं बनावट होती, डेमोत ती असतातच. मी विचारायला हवं होतं की माझ्याच कारखान्याचा एका महिन्याचा डेटा घालून दाखवा. विचारलं नाही, कारण आज संध्याकाळपर्यंत बुकिंग केलं तर ३० टक्के सूट होती आणि पाच वाजले होते. संमतीपत्रावर टॅबवरच बोटाने सही केली. पुण्याला आल्यावर त्यांनी दिलेल्या दोन ग्राहकांना फोन केले. दोघांनीही छान सांगितलं. पुढे समजलं की एक जण फक्त रजेचं मोड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचा तेवढाच भाग, वापरत होता आणि दुसऱ्याला मंचावर बोलण्याच्या बदल्यात वर्षाची फी माफ होती.

माणशी महिना ९० रुपये दराने वर्षाचे ६,९१,२०० आगाऊ, सुरुवातीच्या जोडणीचे अडीच लाख, वर १८ टक्के जीएसटी. एकूण ११,१०,६१६ रुपये.

नोव्हेंबरमध्ये पहिला टॅलेंट रिपोर्ट आला, एक्सेलमध्ये. सिस्टिममध्ये का दिसत नाही विचारलं तर म्हणाले, डॅशबोर्ड पुढच्या महिन्यात सुरू होईल. लाल रंगात आठ नावं होती. त्यात आमचे एक शिफ्ट इनचार्ज, अठरा वर्षं नोकरी झालेले. प्लांट हेडनी तो रिपोर्ट पाहिला आणि सुपरवायझर प्रशिक्षणाच्या यादीतून त्यांचं नाव काढलं. सोडूनच जाणार असतील तर खर्च कशाला, हा साधा हिशेब. मी अडवलं नाही.

जानेवारीत मी तीच फाईल पुन्हा उघडली. एका रकान्याच्या कोपऱ्यात छोटा लाल त्रिकोण दिसला, म्हणजे कोणीतरी कॉमेंट टाकलेली. त्यावर माऊस नेला. लिहिलं होतं, ‘इथे सात-आठ नावं लाल कर, क्लायंटला पटतील एवढीच.’ एआय वगैरे काही नव्हतं. त्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी हाताने रंग भरले होते.

मी शिफ्ट इनचार्जना केबिनमध्ये बोलावून सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मॅडम, मला एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं ना.” प्रशिक्षणाची ती बॅच तोवर संपली होती.

पगाराचं मोड्यूल एप्रिलमध्ये सुरू झालं. तिसरी पाळी रात्री अकरा ते सकाळी सात. आत येण्याचा पंच एका तारखेला, बाहेर जाण्याचा दुसऱ्या, आणि सिस्टिमने दोन्ही दिवस गैरहजर धरले. त्यात पगाराच्या दिवशी लाइनवरच्या एक ताई पगाराची स्लिप घेऊन आल्या. पगार १८,४००, आणि त्यातून प्रोफेशन टॅक्सचे २०० रुपये कापलेले. महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना एप्रिल २०२३ पासून हा कर नाही. अशा ११२ जणींचे पैसे कापले गेले होते. पुढच्या पगारात परत दिले, पण ११२ जणींना समजावत बसणं माझ्या वाट्याला आलं.

करार रद्द करतो म्हटल्यावर त्यांनी कलमं काढली. किमान १,००० कर्मचाऱ्यांचं बिल लागेल, म्हणजे नसलेल्या ३६० माणसांचे महिना ३२,४०० रुपये वेगळे. मुदत तीन वर्षं. लवाद बेंगळुरूत. ही कलमं मूळ करारात नव्हती, करारात दिलेल्या लिंकवरच्या अटींमध्ये होती आणि ती लिंक मी उघडली नव्हती. धंद्यासाठी घेतलेली सेवा असल्याने ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही, असं आमच्या वकिलांचं म्हणणं.

तुमच्याकडे असा करार सहीसाठी पडला असेल तर ती लिंक उघडा, प्रिंट काढा आणि वकिलांना दाखवा. पैसे देण्याआधी त्यांच्या सिस्टिमवर तुमच्या एका महिन्याचा पगार काढून घ्या, त्यात रात्रपाळी, ओव्हरटाइम आणि फेब्रुवारीचा ३०० रुपयांचा प्रोफेशन टॅक्स हवाच. ग्राहकांचे नंबर त्यांच्याकडून घेऊ नका, स्वतः शोधा, आणि सोडून गेलेला एखादा ग्राहक मिळाला तर त्याच्याशी आधी बोला. रिपोर्टमध्ये एखाद्याचं नाव लाल आलं तर यादीला हात लावण्याआधी त्या माणसाशी बोला.

आम्ही मे महिन्यापासून जुन्या एक्सेलवर पगार काढतोय. ६४० माणसांचे आधार, पॅन आणि बँक खाते क्रमांक अजून त्या कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. ते काढून टाकल्याचं लेखी पत्र मी तीनदा मागितलं. अजून आलेलं नाही.