पोलो जीटीचे टायर बदलले: नव्या टायरांचा 11 महिन्यांचा आणि 14,000 किलोमीटरचा अनुभव

नक्षी शिल्लक होती, म्हणून मी दोन पावसाळे टायर बदलायचं टाळलं. ही चूक दुसऱ्या कुणाकडून होऊ नये, म्हणून आधी तीच सांगतो.

गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, 2014 ची. 1.2 लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), 105 पीएस ताकद आणि 175 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. हा टॉर्क 1,500 आरपीएमपासूनच मिळतो आणि सगळाच्या सगळा पुढच्या दोन चाकांवर येतो. गाडीचं वजन 1,100 किलोच्या आसपास. राहायला मी जालन्याला. कामानिमित्त संभाजीनगर, महिन्यातून एकदा सासरी लातूर आणि सुट्टीच्या दिवशी अंबड तालुक्यातलं शेत. शेताकडचे शेवटचे चार किलोमीटर कच्चे आहेत, म्हणजे उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल.

जुन्या टायरांवर चार मिलिमीटर नक्षी होती. कायद्याने 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते, म्हणून मी निर्धास्त होतो. पण 2024 च्या पावसाळ्यात सिग्नलवरून निघताना चाक जागेवरच फिरायला लागलं. डॅशबोर्डवर ईएसपीचा, म्हणजे घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लुकलुकायचा. सुरुवातीला वाटलं सेन्सर बिघडला असेल. त्याच हिवाळ्यात एका रात्री शहागडच्या पुढे उसाची ट्रॉली पुढ्यात आली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ब्रेक दाबला तसा एबीएस (ब्रेकमध्ये चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली थरथरला आणि गाडी थांबली, पण ट्रॉलीच्या फळीपासून दोन हातांवर. शेजारी बायको बसलेली होती. ती काहीच बोलली नाही आणि गेवराईपर्यंत मीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या टायरवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी नक्षी पाहिलीच नाही. अंगठ्याचं नख रबरात रोवून बघितलं, मग साइडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरचे, चार आकडे वाचून दाखवले. 1419, म्हणजे 2019 सालातला चौदावा आठवडा. "साहेब, नक्षी काय बघता? रबर वाळून लाकूड झालंय," म्हणाले. सहा वर्षांतले सहा उन्हाळे मराठवाड्याचे, आणि गाडी दिवसभर पत्र्याच्या शेडबाहेर उभी. वाकून पाहिलं तर नक्षीच्या खाचांच्या तळाशी बारीक भेगाही दिसल्या. दोन वर्षं मी नाण्याने खोली मोजत होतो आणि रबराला बोट लावून बघत नव्हतो.

घरी आण्णांचं म्हणणं वेगळं होतं. "कशाला पैसे घालायलास? आजून दोन वर्षं निघतात की." ट्रॅक्टरचे टायर दहा वर्षं वापरलेला माणूस, त्यांचं चुकलं म्हणता येत नाही. पण ट्रॅक्टर ताशी शंभराने पळत नाही.

दोनच टायर घ्यावेत का, असाही विचार आला. गाडी पुढच्या चाकांवर ओढते, तर दोन नवे पुढे टाकू आणि जुन्यातले बरे दोन मागे, असं बहुतेकांना वाटतं. मलाही तसंच वाटत होतं. पण दोनच बदलायचे असतील तर नवे मागे टाकायचे असतात. पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते, आणि पाय उचलला की बऱ्याचदा सावरतेही. मागचं घसरलं की शेपूट फिरते, आणि ते आपल्यातल्या बहुतेकांना सावरत नाही. माझे चारही सारखेच वाळलेले, त्यामुळे चारही बदलले.

मापावर मात्र मी बरेच दिवस घालवले. कंपनीचं माप 185/60 आर15, म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्याच्या 60 टक्के आणि रिम 15 इंची. मी घेतलं 195/60 आर15. हिशेब असा: जुन्या टायरचा बाहेरचा व्यास 603 मिलिमीटर, नव्याचा 615. फरक दोन टक्के. रिम तेच, 15 इंची. साइडवॉलची उंची 111 वरून 117 मिलिमीटर झाली, आणि आमच्या रस्त्यांवर मला हेच हवं होतं. एका मित्राचा आग्रह 17 इंची रिमचा होता. दिसायला ते भारी दिसतं यात वाद नाही, पण बाहेरचा व्यास सांभाळायचा तर रिम वाढलं की रबराची उंची घटते. मग खड्ड्याचा मार थेट रिमवर बसतो. डांबर उखडून खडी वर आलेल्या रस्त्यावर ते परवडत नाही.

भाराचा आकडाही पाहिला. जुन्यावर 84 होता, म्हणजे एका टायरला 500 किलो. नव्यावर 88 आहे, म्हणजे 560 किलो. वेगाचं अक्षर एच, म्हणजे ताशी 210 किलोमीटर. तेवढ्या वेगाने कुणी जात नाही, जाऊही नये. पण उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर तासभर शंभरच्या पुढे राहायचं असेल, तर टायरची उष्णता सोसायची ताकद या अक्षरात असते. मूळ अक्षराच्या खालचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

आता कोणता टायर, हा खरा प्रश्न. आमच्याकडे टायरबद्दल प्रत्येकाचं पक्कं मत असतं. वाळूजला गुडइयरचा कारखाना असल्याने कुणाचा तरी भाचा किंवा मेव्हणा टायरच्या धंद्यात निघतोच. दुकानात एमआरएफ, अपोलो, सिएट, ब्रिजस्टोन, योकोहामा अशी सगळी नावं फळीवर होती. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: "किती चालतो?" मी तो बाजूला ठेवला. मी विचारलं, ओल्यात कसा धरतो? साइडवॉल किती भक्कम? आणि बनल्याची तारीख कोणती?

जास्त किलोमीटर चालणारा टायर बहुतेक वेळा कडक रबराचा असतो. कमी ताकदीच्या गाडीला तो पुरतो. पण 175 न्यूटन मीटर दोन चाकांवर एकदम आलं की कडक रबराला ओल्या डांबरावर पकड मिळत नाही, आणि घेतलेली ताकद चाक फिरवण्यातच वाया जाते. रबरात सिलिकाचं प्रमाण चांगलं असेल तर ओल्यात पकड सुधारते. एआयएस-142 या नियमामुळे आता आपल्याकडे ओल्यातली पकड, रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) आणि आवाज या तिन्ही गोष्टींना किमान निकष आला आहे. पण किमान ते किमान. त्याच्यावर कोण किती, हे विचारूनच घ्यावं लागतं. मी घेतलेल्या मॉडेलचं नाव इथे मुद्दाम देत नाही. ते तुमच्या मापात मिळेलच असं नाही, आणि नाव वाचलं की बाकीचं वाचायचं राहून जातं.

मार्च 2025 मध्ये चारही बसवले. टायर, नवे व्हॉल्व्ह, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग मिळून 27,600 रुपये. तेव्हा टायरवर 28 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के झाला, त्यामुळे मूळ किंमत तीच असेल तर आज हेच टायर साधारण आठ टक्क्यांनी स्वस्त पडतील. टायर चार महिन्यांपूर्वी बनलेले होते. चाचांनी आधी आणलेल्या चारपैकी एक दीड वर्ष जुना निघाला, तो मी बदलून मागितला आणि त्यांनी कुरकुर न करता बदलला. तारीख बसवण्याआधी बघा. रिमवर चढल्यावर दुकानदारही अडचणीत येतो.

पहिले तीनशे-चारशे किलोमीटर मी सांभाळून चालवली, कारण नव्या टायरचा वरचा गुळगुळीत थर निघून जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. चार माणसं बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं, कुठेही घासत नाही. शेताच्या वाटेवरच्या मधल्या उंचवट्याला खालून खरवडायचं, ते जवळपास थांबलं. गाडी फक्त सहा मिलिमीटर वर आली आहे, पण त्या वाटेवर तेवढ्यानेही भागलं.

स्पीडोमीटर आधी थोडा जास्त दाखवायचा. मोबाइलवरच्या जीपीएसने पाहिलं तर 100 ला खरा वेग 95 होता, आता 97 आहे. मायलेज 13.8 वरून 13.2 वर आलं म्हणून आधी हळहळलो. पण चाक मोठं झाल्यावर अंतरही दोन टक्के कमी मोजलं जातं. ते धरलं तर खरं मायलेज साडेतेराच्या जवळ येतं. म्हणजे लिटरमागे तीन-चारशे मीटर गेले. पिकअपमध्ये पहिल्या गिअरला किंचित जडपणा जाणवतो, ओव्हरटेक करताना नाही.

उन्हाळ्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे टायर फुटतात ते बहुतेक तेव्हा. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे असताना समृद्धीवरून शिर्डीला गेलो. लोक उन्हाळ्यात हवा कमी ठेवतात, "तापून वाढते" म्हणून. हे उलटं आहे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने उष्णता तयार होते आणि तीच टायर फोडते. गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे सकाळी, गाडी थंड असताना हवा भरावी आणि तापल्यावर वाढलेली काढू नये. मी 33 ठेवतो. शिर्डीला पोचून मोजली तर 38 होती, ते अपेक्षितच होतं. नायट्रोजनचे पैसे मी देत नाही. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच. पंधरा दिवसांनी स्वतःच्या गेजने हवा तपासली की झालं. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत, हे मी तीन ठिकाणी मोजून पाहिलं आहे.

समृद्धीवर गाडी सरळ रेषेत जाते, पण काँक्रीटचा घरघर आवाज येतो. जुन्यांपेक्षा कमी, तरी येतोच. 2023 च्या उन्हाळ्यात परिवहन विभागाने या महामार्गावर गोटा झालेले टायर पाहून गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा बरेच लोक चिडले होते. 120 च्या मर्यादेचा रस्ता, न वळता तासन्तास एकच वेग, खाली तापलेलं काँक्रीट. ते बघितल्यावर मला ती तपासणी योग्य वाटते. फक्त तिथेही नक्षी बघतात, वय बघत नाहीत, याची खंत आहे.

पावसाने खरी परीक्षा घेतली. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. धाराशिव, बीड, जालना, लातूर, सगळीकडे शेतं पाण्याखाली. आमची सोयाबीन गेली, त्याबद्दल इथे लिहीत नाही. त्या आठवड्यात सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला लातूरला जावं लागलं. बीडच्या पुढे मांजरसुंबा घाटात पाणी रस्त्यावरून आडवं वाहत होतं. पन्नासच्या खाली चालवली. उतारावरच्या वळणाला एकदा पुढचं चाक हलकं झाल्यासारखं वाटलं, पाण्याच्या थरावर गेलं होतं. पाय उचलला, स्टिअरिंग तसंच धरलं, आणि पुढच्याच क्षणी नक्षीने पाणी बाजूला सारल्याचं हाताला कळलं. ईएसपीचा दिवा त्या संपूर्ण प्रवासात एकदाच लागला. जुन्या टायरांवर तो जालन्यातल्या जालन्यात लागायचा. ते टायर घालून मी त्या दिवशी निघालो असतो, हा विचार अजूनही पाठ सोडत नाही.

काळ्या मातीत मात्र हे टायर चालत नाहीत. नक्षीत माती भरली की चाक गोटाच होतं. रोडच्या गाडीचा कुठलाही टायर तिथे हेच करणार, त्यामुळे पावसाळ्यात गाडी डांबरावर ठेवून चालत जातो.

तक्रारी दोन. साइडवॉल उंच झाल्याने वळणात शिरताना स्टिअरिंगला पूर्वीचा चटका राहिला नाही, अर्धा क्षण उशीर वाटतो. सवय व्हायला महिना गेला. दुसरी गोष्ट महाग पडली. 5,000 किलोमीटरवर, एका अर्धवट कामाच्या रस्त्यावर डांबराची उभी कडा लागली आणि पुढच्या डाव्या टायरच्या साइडवॉलला फुगा आला. आतले धागे तुटले की असा फुगा येतो आणि त्याला दुरुस्ती नसते. धक्क्याने झालेलं नुकसान हमीत बसत नाही, असं उत्तर मिळालं. नवा टायर घ्यावा लागला. पंक्चर एकच झालं, एमआयडीसीतला लोखंडी चुरा लागून. तिथे आतून पॅच लावून घेतला, बाहेरून नुसती दोरी खुपसू दिली नाही.

स्टेपनी जुन्याच मापाची आहे. तिचा व्यास वेगळा असल्याने ती पुढे लावत नाही. पुढचं चाक गेलं तर मागचं काढून पुढे आणि स्टेपनी मागे, आणि वेग 80 च्या आत. रस्त्याकडेला दोनदा जॅक लावायचा कंटाळा येतो, पण पुढे दोन वेगळ्या व्यासाची चाकं फिरली की डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाला) सतत काम पडतं.

8,000 किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे केले. नव्यावर नक्षी आठ मिलिमीटर होती, आज सहाच्या आसपास आहे. मी तीन मिलिमीटरला बदलणार, म्हणजे हा जोड साधारण 35,000 चालेल. दुकानात दुसऱ्या टायरबद्दल साठ हजारांचं ऐकलं होतं. आण्णांनी हा हिशेब ऐकला आणि मान हलवली. परवा मात्र त्यांनीच जीपच्या टायरवरचे चार आकडे मला वाचायला लावले. 2016 चे निघाले. उद्या चाचांकडे जायचं आहे.