रस्लर, टायाना की चार्टरमधून निघालेली ओशनिस?

पुण्याहून जुनी क्रूझिंग बोट घ्यायची म्हणजे बोट इंग्लंडात नाहीतर थायलंडात, आणि आपण पाषाणला लॅपटॉपसमोर. फोटोत सगळ्याच बोटी देखण्या दिसतात. दोघांनी मिळून महासागर ओलांडायचा बेत असेल, तर माझ्या मते रस्लर, टायाना आणि चार्टरमधून (म्हणजे पर्यटकांना भाड्याने देण्यातून) निवृत्त झालेली बेनेटो कंपनीची ओशनिस, या तिघींचा विचार करावा.

रस्लर 36 चं नाव आपल्याकडे झालं अभिलाष टॉमींमुळे. 2022 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत ते याच बोटीवर दुसरे आले. 2018 चे पहिले दोघेही रस्लरवरच होते. लांब कील (बोटीच्या तळाखालचा जड कणा), कीललाच जोडलेलं सुकाणू, साडेसात टनांच्या आसपास वजन. खवळलेल्या समुद्रात आपण थकतो, बोट थकत नाही. पण आत जागा बेताची, आणि एवढं नाव झाल्यावर मालक भाव कशाला सोडतील?

टायाना 37 तैवानमध्ये बांधलेली, रॉबर्ट पेरींच्या आराखड्याची, दहा टनांच्या पुढची. हलक्या वाऱ्यात सुस्त, पण राहायला घरासारखी. आतलं सागवानी काम बघूनच लोक पाघळतात. दुखणंही सागातच आहे. जुन्या बोटींच्या डेकवर सागाच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात, आणि त्या असंख्य भोकांतून पाणी खालच्या गाभ्यात मुरतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक वीत-वीत ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आला तर तिथे गाभा कुजलाय असं धरून चाला. पुढच्या बिछान्याखाली लोखंडी डिझेल टाकी असेल, तर तिच्या तळाचा गंजही बघा.

ओशनिस सर्वांत स्वस्त, ऐसपैस, फिन कीलमुळे (आखूड, पंखासारखी कील) बंदरात झटकन वळणारी. लांब कीलवाल्या दोघी रिव्हर्समध्ये कुठे जातील याचा नेम नाही. मात्र चार्टरची बोट किती वेळा तळाला घासली, हे कोण सांगणार? 2014 मध्ये अटलांटिकमध्ये ‘चिकी राफिकी’ या बोटीची कील निखळली आणि चौघे गेले. ती बेनेटोचीच, पण ओशनिस नव्हे, रेसिंगकडे झुकणारी फर्स्ट 40.7. आधीच्या घासण्यांनी सांधा कमजोर झाला असावा, असं तपासात पुढे आलं. म्हणून कील आणि हल (बोटीचं मुख्य अंग) यांच्या सांध्यावर बारीक चीर दिसली तरी सर्व्हेअरचं, म्हणजे बोट तपासणाऱ्या जाणकाराचं, लेखी मत घ्या. सर्व्हेअर आपणच नेमायचा, दलालाच्या ओळखीचा नको.

पैसे बाहेर पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला 2,50,000 डॉलर, त्यामुळे अडचण सहसा तिथे येत नाही. ती दुरुस्तीत येते. डोलकाठीच्या तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील, तर त्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावा.

मी टायाना घेईन, पण आधीच्या मालकाने डेकवरचा साग काढून फायबरग्लास केलेली. ती मिळेना तर रस्लरसाठी आणखी वर्षभर पैसे साठवीन. ओशनिस भूमध्य समुद्रात उन्हाळे काढायला झकास आहे. केप ऑफ गुड होपला वळसा घालायला मी ती नेणार नाही.