चांदीचं चार्म ब्रेसलेट: डाग देऊन घडवलेलं, ओवायचं की तयार भरलेलं?

भाचीला पहिली नोकरी लागली, मुलगी बारावी झाली, सुनेचा पहिला दिवाळसण आला, की हल्ली सोन्याचा भाव बघून मन चांदीकडे वळतं. पैंजण सगळेच देतात, म्हणून मग चार्म ब्रेसलेटचा, म्हणजे चार्म नावाच्या छोट्या शोभेच्या वस्तू अडकवलेल्या मनगटातल्या साखळीचा विषय निघतो. सोलापुरात ते तीन तऱ्हेनं घेता येतं. सराफ कट्ट्यावर साखळी घ्यायची आणि तिला एकेक चार्म डाग देऊन, म्हणजे वितळणाऱ्या धातूच्या जोडानं, बसवून घ्यायचा. किंवा पँडोरा कंपनीच्या धर्तीची साखळी घेऊन त्यात मण्यासारखे चार्म ओवत जायचे. नाहीतर सगळे चार्म आधीच लटकवलेलं ब्रेसलेट ऑनलाइन मागवायचं. माझा कौल पहिल्या तऱ्हेला आहे, पण प्रत्येकीसाठी नाही.

या दागिन्याची खरी गोडी तो हळूहळू भरत जाण्यात आहे. १८४० साली पहिली मुलगी झाली तेव्हा प्रिन्स अल्बर्टनं व्हिक्टोरिया राणीला एक ब्रेसलेट दिलं. पुढे प्रत्येक अपत्यामागे त्यात मीना केलेला एक बदाम, म्हणजे हृदयाच्या आकाराचं लॉकेट, वाढत गेला. असे नऊ बदाम, आणि प्रत्येकात त्या त्या बाळाच्या जावळाची बट. ते सोन्याचं होतं, पण कल्पना तीच: घरात काही घडलं की हातात एक खूण वाढायची. त्याआधी हजारो वर्षं अशा छोट्या वस्तू रक्षणासाठी बाळगल्या जात. इजिप्तमध्ये भुंगेरा आणि डोळा, रोमन मुलांच्या गळ्यात बुल्ला, आपल्याकडे ताईत. दुसऱ्या महायुद्धात परदेशी गेलेले सैनिक घरच्यांसाठी तिकडचे छोटे चार्म आणत, आणि १९५०च्या दशकात अमेरिकेत मुलींच्या हातात ही ब्रेसलेटं सर्रास दिसू लागली.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. कमरेला खोचायचा घुंगरांचा छल्ला, तुळजापूरला नवस फेडताना वाहतात ते चांदीचे पाळणे आणि डोळे, सोलापूरच्या कितीतरी घरांत गळ्यात असणारी इष्टलिंगाची चांदीची डबी. छोट्या चांदीत मोठा अर्थ साठवायची सवय आपल्या हाडीमाशी आहे. म्हणूनच सोनाराकडे घडवून घेण्यात मला जास्त अर्थ वाटतो. माग चालवणाऱ्या घरातल्या मुलीला दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला बोटाच्या पेराएवढा धोटा घडवून द्या, शेतीवाल्या घरातल्या मुलीला ज्वारीचं कणीस. गड्ड्याच्या यात्रेची आठवण म्हणून नंदीध्वज. असे चार्म कुठल्याही दुकानाच्या ट्रेमध्ये तयार मिळायचे नाहीत.

टिकाऊपणातही हीच तऱ्हा पुढे आहे, फक्त एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्या. चार्म साखळीत अडकवणारी कडी नुसती चिमट्यानं दाबून मिटवलेली असेल, तर ती ओढणीच्या धाग्यात अडकून उघडते आणि चार्म कुठे पडला ते कळतही नाही. सोनार कडीच्या फटीवर टाकणखार लावून डाग ठेवतो, फुंकणीनं आच देतो, डाग वितळून फटीत उतरतो, आणि मग नखानं चाचपूनही जोड लागत नाही. असं काम हवं. मात्र मोती किंवा मीना असलेल्या चार्मला ही आच सोसत नाही.  असा चार्म या साखळीसाठी निवडूच नका.

ओवायच्या साखळीची मजा वेगळी आहे. पँडोरा ही कोपनहेगनमध्ये १९८२ साली सुरू झालेली कंपनी. तिनं २००० साली हे ब्रेसलेट आणलं आणि जगभर त्याची चाल पडली. चार्म काढता-घालता येतात, आज तीन, लग्नाला दहा. मावशी पुण्यात, आत्या दुबईत असेल तर प्रत्येकीला एकेक मणी पाठवता येतो, आणि मुलीला स्वतः निवडायची हौस असेल तर हेच घ्या. माप मनगटापेक्षा साधारण २ सेंटीमीटर सैल ठेवा, कारण मणी वाढले की साखळी आतून आवळत जाते. दुसऱ्या कंपनीचा मणी घेताना भोक साखळीवरून सरकतं का तेही बघा.

पैशाचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. २० ग्रॅमच्या दागिन्यात १८.५ ग्रॅम शुद्ध चांदी येते. सोनाराकडे तुम्ही वजन आणि मजुरी देता, घरातले जुने पैंजण मोडीत घालता येतात, आणि उद्या विकायची वेळ आली तर वजनाला भाव मिळतो. ब्रँडचा मणी नगावर विकतात. त्यात चांदी थोडी, किंमत नावाची आणि घडणीची. मोडीत त्याला फक्त चांदीचाच भाव येणार, हे धरूनच घ्या.

तयार भरलेल्या ब्रेसलेटबद्दल फार लिहायला नको. चाव्या, आयफेल टॉवर, फुलपाखरू. त्यातलं तिच्या आयुष्यातलं काय? बऱ्याचदा ते पितळेवर चांदीचं पाणी असतं आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात घामानं महिन्या-दोन महिन्यांत उतरतं. शाळेतल्या लहान मुलीला गंमत म्हणून ठीक, भेट म्हणून नाही.

अस्सल चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, त्यात खोट असतेच असं नाही. रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशनं धुऊन, कोरडी पुसून, बंद पिशवीत ठेवा. चार्मच्या खाचांत मुद्दाम धरलेला काळा रंग असेल तर चांदी उजळायच्या औषधात बुडवू नका. नक्षीच पुसट होते.

तुमची मुलगी ब्रेसलेट रोज घालणार असेल, तर कट्ट्यावर साधारण १२ ते १५ ग्रॅमची जाड कड्यांची साखळी आणि एकच चार्म घ्या. बाकीची जागा मोकळी राहू द्या. बिलावर वजन, ९२५ आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कसोबतही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, ऐच्छिक स्वरूपात सुरू झाला आहे. दागिन्यावर तो असेल तर पैसे देण्याआधी, दुकानातच, भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा.