उकडीचे मोदक किती करायचे? स्टॉकच्या अ‍ॅपचा आठ महिन्यांचा अनुभव

डोंबिवलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. उकडीचे मोदक सकाळी केले की रात्रीपर्यंत संपायलाच हवेत. दुसऱ्या दिवशी पारी कडक होते, तसे मोदक मी विकत नाही. रोज किती करायचे हे सांगणारं एक अ‍ॅप म्हणून वर्षाची वर्गणी भरून घेतलं.

पहिल्याच आठवड्यात त्याने सरासरी खपापेक्षाही कमी मोदक करायला सांगितले. मला पटेना. भाचीने वहीत हिशेब मांडून दाखवला. याला पेपरवाल्याचं गणित म्हणतात. आज न खपलेला पेपर उद्या रद्दी. मोदक मला १८ रुपयांना पडतो, विकते ३० ला. एक कमी पडला तर १२ रुपयांचा नफा बुडतो, एक उरला तर १८ अंगावर येतात. १२ आणि १८ मिळून ३०; १२ भागिले ३०, म्हणजे ०.४. दहांतले चार दिवस पुरतील आणि सहा दिवस संपतील, एवढेच करायचे. पण रात्री आठनंतर उरलेले १० रुपयांना काढले, तर अंगावर ८ च येतात. १२ आणि ८ मिळून २०; १२ भागिले २०, ०.६. मग जास्त करणं परवडतं. भाव बदलला की नगही बदलतात, हे इतकी वर्षं धंदा करून मला कधी सुचलं नव्हतं. एवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल झाले.

खोक्यांची ऑर्डर किती आणि केव्हा द्यायची तेही ते नीट सांगतं. किती द्यायची याचं सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनिअरने १९१३ साली मांडलेलं आहे, आणि थोडं मागेपुढे झालं तरी खर्चात फारसा फरक पडत नाही.

आता खटकलेलं. हे अ‍ॅप खपालाच मागणी समजतं. दुपारी बाराला ६० मोदक संपले, की त्याच्या लेखी मागणी ६०! नंतर परत गेलेल्या गिऱ्हाइकांची नोंद कुठेच नाही. मुळात दहांतले सहा दिवस माल संपवायचा हिशेब, त्यात ही चूक. आकडा आठवड्यागणिक खालीच जात राहिला. शेवटी गल्ल्याशेजारी वही ठेवली. परत जाणाऱ्या प्रत्येकामागे मावशी एक रेघ मारतात, आणि तो आकडा मी रात्री हाताने भरते. तेव्हापासून अंदाज जमायला लागला.

दुसरं म्हणजे त्याला पंचांग कळत नाही. संकष्टी तारखेने येत नाही, तिथीने येते. त्या दिवशी उपास चंद्रोदयानंतर सुटतो, म्हणून खरी गर्दी संध्याकाळी सात ते नऊ. नेमका आठ वाजता अ‍ॅपने भाव उतरवला, आणि रांगेत उभ्या असलेल्यांना ३० चा मोदक १० ला गेला. अंगारकीला असं झालं असतं तर महिन्याची कमाई गेली असती.

मदतीच्या नंबरवर मुलं आदराने बोलतात, पण तिथीचं काही जमवून देता आलं नाही. पाचपैकी साडेतीन. रोज ताजा माल करणाऱ्यांनी जरूर घ्यावं, वहीसकट. मी पुढच्या वर्षाचे पैसे भरलेत. कालनिर्णय उघडून बाराही महिन्यांच्या संकष्ट्या आणि चंद्रोदयाच्या वेळा स्वतः भरल्या, आणि त्या दिवसांपुरती आठची सवलत बंद केली आहे.